रिमोट, पाट आणि चटई

शिकागोच्या उत्तरेला लिंकनशायर नावाचं उपनगर आहे. तिथल्या सेजब्रुक या निवृत्तांच्या वसाहतीत २००६च्या नाताळाच्या सुमारास एक व्हिडिओ गेम आला आणि फेब्रुवारी २००७मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'नं त्याची बातमी केली. वसाहतीतल्या रहिवाशांचं सरासरी वय होतं ७७. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात गेमचं कंट्रोलर हातात धरलं नव्हतं, आणि आता ते हातातून सुटत नव्हतं. खेळ होता बोलिंगचा. बोलिंग म्हणजे क्रिकेटमधली गोलंदाजी नव्हे, तर जड चेंडू लाकडी पट्टीवरून घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिन्स पाडायच्या, तो खेळ. इथे चेंडूही नव्हता आणि पट्टीही नव्हती. टीव्हीसमोर उभं राहायचं, हातात पांढरा रिमोट घ्यायचा, हात मागे न्यायचा आणि पुढे झोकायचा. पडद्यावरच्या पिन्स पडायच्या.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अशा बातम्यांचं पीकच आलं. अमेरिकेतले आणि युरोपातले वृद्धाश्रम, त्यांतल्या स्पर्धा, टी-शर्ट घातलेल्या आज्यांचे संघ. सगळ्या बातम्यांचा सूर एकच, 'बघा, आजीसुद्धा गेम खेळते!' त्या 'सुद्धा'मागे एक गृहीतक आहे, की आज्या भलत्याच दारातून आत शिरल्या. ते गृहीतक चूक नाही. घाम काढणाऱ्या व्हिडिओ गेम्सचा इतिहास चाळला तर जवळपास कुणीच म्हाताऱ्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून यंत्र केलेलं दिसत नाही. तरी या यंत्रांमधून काही खरं निष्पन्न झालं असेल, तर ते मुख्यतः त्यांच्याच बाबतीत झालं. ते कसं, हे समजून घ्यायला मला सेन्सरपासून सुरुवात करणं सोयीचं वाटतं. माझा पेशाच तसला आहे. कोणतं यंत्र काय मोजतं हे कळलं, की ते करणाऱ्यानं कोणाचं शरीर गृहीत धरलं होतं हेही बऱ्याचदा कळतं.

आधीची वंशावळ थोडक्यात सांगते. अटारीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्यायामाची सायकल गेमला जोडायचा 'पफर' नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. कंपनीच डबघाईला आली आणि ती सायकल कधी बाजारात आली नाही. १९८६मध्ये जपानच्या बंदाई कंपनीनं 'फॅमिली ट्रेनर' काढला. जमिनीवर अंथरायची प्लॅस्टिकची चटई, तिच्या पोटात बारा दाबकळा. पडद्यावरचा खेळाडू पळवायचा तर चटईवर खरोखर पळायचं. निन्टेंडोनं तीच चटई १९८८मध्ये अमेरिकेत 'पॉवर पॅड' म्हणून विकली. मुलांनी तिच्यावर पळण्याऐवजी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी बडवून शर्यती जिंकायची युक्ती लगेच शोधली. दाबकळेला पाय आणि तळवा यांतला फरक कळत नाही.

१९९८च्या नोव्हेंबरात कोनामीनं जपानच्या आर्केडमध्ये 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आणलं. पडद्यावर बाण वर सरकतात आणि संगीताच्या ठेक्यावर त्या-त्या दिशेच्या चौकोनावर पाय टाकायचा. हे पोरांमध्ये तुफान चाललं, आणि अमेरिकेत त्याला आरोग्याचं निमित्तही मिळालं. लठ्ठ मुलांची संख्या वाढतेय म्हणून वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं २००६मध्ये आपल्या सगळ्या, म्हणजे ७६५, सरकारी शाळांमध्ये हा खेळ आणायचं जाहीर केलं. म्हणजे तोवर 'व्यायाम देणारा गेम' म्हटलं की डोळ्यांसमोर दोनच माणसं होती, सायकल मारणारा तरुण पुरुष आणि चिप्स खाणारं मूल.

अपवाद जपानचा. तिथे २००५च्या जनगणनेत पासष्टीपुढच्या लोकांचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं होतं आणि आर्केडवाल्या कंपन्यांनाही आपलं गिऱ्हाईक म्हातारं होताना दिसत होतं. नामको कंपनीचं बिळांतून डोकं काढणाऱ्या मगरींना हातोडीनं टोले मारायचं एक यंत्र होतं. पॅकमॅन करणाऱ्या या कंपनीनं मगरींचा वेग कमी करून ते यंत्र पुनर्वसनासाठी, म्हणजे हातापायांची हालचाल परत यावी म्हणून रुग्णांना खेळायला दिलं. पुढे तिनं स्वतःचं वृद्धांचं दिवसा सांभाळ केंद्रही काढलं. पण हे जपानच्या आत राहिलं. बाहेरच्या जगाला कळला तो निन्टेंडोचा रिमोट.

निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचं धोरण असं, की खेळणाऱ्यांना आणखी चांगला गेम देण्यापेक्षा न खेळणाऱ्यांना खेळायला लावायचं. नव्या कंट्रोलरला 'रिमोट'च म्हणायचं, हा आग्रह त्यांचाच. टीव्हीचा रिमोट घरात कुणीही उचलतं, कंट्रोलर बघून मात्र आई चार हात लांब राहते, हा त्यामागचा विचार. गेम रचणारे शिगेरू मियामोतो यांनी २००७च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेम-डेव्हलपरांच्या परिषदेत आपल्या मोजपट्टीचं नाव सांगितलं होतं, 'वाइफ-ओ-मीटर'. बायकोला एखाद्या गेममध्ये किती रस वाटतो, यावरून त्याची पोच ठरवायची. यात थोडी गंमत होती, थोडी तेव्हाच्या पुरुषी कारखान्याची कबुलीही होती. पण त्या मीटरचा काटा गृहिणीपर्यंत येऊन थांबत होता, सत्तरीच्या बाईपर्यंत तो गेलेला नव्हता.

वी हे यंत्र अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००६ला आलं. जपानबाहेर जवळपास सगळीकडे त्याच्या खोक्यातच 'वी स्पोर्ट्स' हा गेम फुकट होता. टेनिस, बेसबॉल, बॉक्सिंग, गोल्फ आणि बोलिंग असे त्यात पाच खेळ. रिमोटमध्ये ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची ॲक्सिलरोमीटरची चिप होती. सिलिकॉनमध्ये कोरलेला एक सूक्ष्म भार सूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगत असतो. रिमोट हलला की भार किंचित मागे राहतो आणि तेवढ्यानं बदललेली विद्युत धारिता चिप मोजते. तिन्ही दिशांना मिळून तिला एवढंच कळतं, की वेग किती झपाट्यानं बदलतोय आणि गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात रिमोट कसा कललेला आहे. हात कुठे आहे हे तिला कळत नाही. खांदा फिरला की नुसतं मनगट, हेही नाही. माणूस उभं आहे की चाकाच्या खुर्चीत, हे तर नाहीच.

या आंधळेपणामुळेच सेजब्रुक घडलं. खऱ्या बोलिंगचा सर्वांत जड चेंडू सव्वासात किलोंचा असतो आणि रिमोट दोन पेन्सिल सेलसकट दीडशे ग्रॅमच्या आसपास. खांदा आखडलेली, गुडघे गेलेली, खुर्चीतून न उठणारी बाई मनगटाच्या झटक्यानं दहाच्या दहा पिन्स पाडू शकत होती, कारण यंत्र तिच्याकडून त्याहून जास्त काही मागू शकत नव्हतं. बड्या खेळाडूंनी याला फसवणूक म्हटलं. सोफ्यावर लोळून टेनिस जिंकणाऱ्या पोरांचे विनोद तेव्हा खूप झाले. पोरांच्या बाबतीत जी पळवाट होती, ती आजीच्या बाबतीत आत यायची वाट होती.

पण प्रश्न उरतो, पाच खेळांपैकी बोलिंगच का? गोल्फमध्येही धावपळ नव्हती. याचं उत्तर सेन्सरमध्ये नाही, अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात आहे.

२००७मध्ये ७७ वर्षांची असलेली बाई १९३०च्या आसपास जन्मलेली. मुलींना शिक्षणसंस्थांत खेळाची समान संधी द्यायला लावणारा 'टायटल नाइन' हा अमेरिकन कायदा आला १९७२मध्ये. तोवर तिची चाळिशी उलटली होती. शाळेत तिच्या वाट्याला संघ आला नाही, मैदान आलं नाही. आलं ते बोलिंग. विमेन्स इंटरनॅशनल बोलिंग काँग्रेस ही बायकांची संघटना १९१६मध्ये सेंट लुइस शहरात चाळीस बायकांनी सुरू केली. आधी बोलिंगच्या जागा म्हणजे दारूच्या गुत्त्याला लागून असलेले पुरुषी अड्डे. पडलेल्या पिन्स उचलून पुन्हा मांडायला पोरं ठेवलेली असत. पन्नाशीच्या दशकात पिन्स आपोआप मांडणारी यंत्रं आली, पोरांची गरज संपली, आणि उपनगरांत स्वच्छ, वातानुकूलित, मोटारी लावायला ऐसपैस जागा असलेली सभागृहं उभी राहिली. दिवसाच्या रिकाम्या वेळात ती भरायची कशी? मालकांनी गृहिणींना हाक दिली. सकाळच्या लीग सुरू केल्या आणि मुलं सांभाळायला तिथेच पाळणाघरं काढली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बायकांच्या त्या संघटनेचे सभासद चाळीस लाखांच्या वर गेले होते. हा इतिहास सगळ्यांचा नव्हता, कारण १९५०पर्यंत संघटनेचं सभासदत्व फक्त गोऱ्यांना होतं. आणि २००५मध्ये, म्हणजे वी यायच्या आदल्याच वर्षी, ती पुरुषांच्या संघटनेबरोबर एका सामायिक संस्थेत विलीन झाली.

म्हणजे त्या आज्यांना नवं काही शिकवायचं नव्हतं. मंगळवारी सकाळी लेकराला पाळणाघरात सोडून, भाड्याचे बूट घालून, चार पावलं चालून हात झोकणाऱ्या लाखो बायका होत्या. पुढे चेंडू पेलेनासा झाला आणि खेळ सुटला. त्यांच्या हाताला ती फेक ठाऊक होती, चेंडूचं वजन काढून घेतल्यावर ती पुन्हा जमू लागली, एवढंच. मंगळागौरीला सत्तरीच्या मावशी आधी 'नको गं, गुडघे' म्हणतात आणि मग ठेका सुरू झाला की झिम्म्याला उभ्या राहतात, तसलाच हा प्रकार. बातमीदारांना दिसला तो यंत्राचा चमत्कार. मला त्यात एका जुन्या, बायकांच्या, फारशा न नोंदल्या गेलेल्या खेळाचं शेवटचं पर्व दिसतं.

बरं, पण हा व्यायाम होता का? २०१०मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं निन्टेंडोशी भागीदारी केली आणि आपलं हृदयाचं चिन्ह वीच्या खोक्याला दिलं. त्याच वर्षी टोकियोच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण संस्थेतल्या संशोधकांनी एक अभ्यास छापला. माणसांना बंद खोलीत ठेवून, श्वासातल्या वायूंवरून त्यांनी वी स्पोर्ट्स आणि वी फिटमधल्या प्रत्येक हालचालीची ऊर्जा मोजली. निष्कर्ष असा, की दोन तृतीयांश हालचाली 'हलक्या' गटात मोडतात, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या तिपटीहूनही कमी. मोजलेली माणसं होती पंचविशी ते चव्वेचाळिशीतली. वयस्करांवर न्यूझीलंडमध्ये १९ जणांचा छोटा अभ्यास झाला, तो २०१२मध्ये आला. तिथेही ऊर्जा हलक्या व्यायामाचीच, आणि गंमत म्हणजे बसून खेळा की उभं राहून, फरक पडत नव्हता. मनगटानं पिन पाडता येते म्हटल्यावर वेगळं काय निघणार?

उष्मांकांच्या हिशेबात हे प्रकरण इथे संपायला हवं. पण उष्मांक हा हिशेब मुळात लठ्ठ मुलांसाठी मांडलेला. सत्तरीतल्या बाईचा प्रश्न वेगळा असतो. पासष्टीपुढच्या माणसांपैकी साधारण तिघांत एक दर वर्षी एकदा तरी पडतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उतरतं तशी हाडं झपाट्यानं विरळ होतात. बायका जास्त जगतात आणि शेवटची वर्षं बऱ्याचदा एकट्या काढतात. न्हाणीघरात पाय घसरणं, खुब्याचं हाड मोडणं, अंथरूण धरणं ही साखळी आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात एकदा तरी घडलेली असते. तिच्यापुढे चार कॅलरी जास्त जळल्या की कमी, हा प्रश्न क्षुल्लक आहे. खरी गरज आहे ती तोल सांभाळणाऱ्या यंत्राची.

ते यंत्र निन्टेंडोनं अपघातानं करून ठेवलं होतं. १ डिसेंबर २००७ला जपानमध्ये 'वी फिट' आला, पुढच्या वर्षी बाकी जगात. मियामोतोंना रोज वजन करून त्याचा आलेख भिंतीवर लावायची सवय होती, त्यातून ही कल्पना निघाली. सुमो पैलवान एका काट्यावर मावत नाहीत म्हणून दोन काट्यांवर एकेक पाय ठेवून उभे राहतात, यावरून दोन पायांवरचं वजन वेगवेगळं मोजायचं सुचलं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. बॅलन्स बोर्ड म्हणजे दिसायला आपला जेवायला बसायचा पाटच, फक्त पांढरा, प्लॅस्टिकचा. चार पायांत चार लोड सेल. लोड सेल म्हणजे धातूची पट्टी, ती दाबाखाली केसभर वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा याच तत्त्वावर चालतो.

चार आकडे मिळाले की त्यांची बेरीज म्हणजे वजन. उजवीकडच्या दोघांतून डावीकडचे दोन वजा करा, पुढच्या दोघांतून मागचे दोन, आणि एकूण वजनानं भागा. शरीराचा भार पाटावर नेमक्या कोणत्या बिंदूवर पडतोय ते मिळतं. हा बिंदू कधीच स्थिर नसतो. आपण 'स्तब्ध' उभे असतो तेव्हाही घोटे सतत बारीक दुरुस्त्या करत असतात. बिंदू किती आणि किती वेगानं भटकतो, यावरून तोलाची अवस्था कळते. हे मोजायच्या प्रयोगशाळेतल्या फलकांची किंमत हजारो डॉलरांत असते. २०१०मध्ये मेलबर्नमधल्या संशोधकांनी शंभर डॉलरांच्या आतला हा खेळण्यातला पाट अशा फलकाशेजारी ठेवून तपासला आणि उभ्या माणसाचा तोल मोजण्यापुरता तो विश्वासार्ह आहे, असं प्रसिद्ध केलं. त्यानंतर जगभरचे फिजिओथेरपी विभाग हे पाट खरेदी करत सुटले.

असा एक जुना पाट मी मध्यंतरी मागवला. तो ब्लूटूथवर चालतो, आतल्या रचनेची माहिती हौशी मंडळींनी केव्हाच उलगडून ठेवली आहे. प्रत्येक सेलसाठी कारखान्यात नोंदलेले तीन आकडे त्याच्या मेमरीत असतात, शून्य, १७ आणि ३४ किलोंना काय वाचन येतं त्याचे. त्यावरून बाकीची वजनं काढायची. शे-दीडशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये लॅपटॉपवर ठिपका हलू लागला. आजीला त्यावर उभं केलं, पुढे खुर्चीची पाठ धरायला दिली, मागे आई उभी राहिली. आजीची पहिली सूचना होती, "अगं, आकडा मोठ्यानं वाचू नकोस." वजनाचा आकडा झाकला, तेव्हा ती ठिपक्याकडे बघायला लागली. डोळे मिट म्हटल्यावर ठिपका पडद्यावर कोळ्यासारखा जाळं विणू लागला. डोळे उघडून तिनं ते बघितलं आणि विचारलं, "एवढी हलते मी?" मग ठिपका वर्तुळात ठेवायचा म्हणून ती खुर्ची सोडून दहा मिनिटं उभी राहिली. एरवी दहा मिनिटं नुसतं उभं राहा म्हटलं असतं तर राहिली नसती.

निन्टेंडोचा गेम मात्र आकडा मोठ्यानं वाचायचा. वी फिट उंची विचारून बीएमआय काढायचा, २२ हा आदर्श धरायचा, आणि माणसाची बाहुली पडद्यावर त्या प्रमाणात फुगवून दाखवायचा. २००८मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या एका मुलीला त्यानं 'जाड' ठरवलं, पालक भडकले आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या मुलीची बातमी झाली. म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत तो मापदंड किती गैरलागू आहे, याची झाली नाही. सत्तरीनंतर वजन उतरणं ही चांगली खबर असेलच असं नाही, बरेचदा ते स्नायू झडण्याचं लक्षण असतं. वर गेम तोलाच्या चाचण्या घेऊन 'वी फिट वय' सांगायचा. सगळ्या यंत्रात खरं मोलाचं मोजमाप होतं ते तोलाचं, आणि त्याचं भाषांतर काय, तर 'तुमचं वय इतकं'. मार्केटिंगवाल्यांना वय कळतं, तोल विकता येत नाही. शिवाय पाट जमिनीपासून चार बोटं वर, आणि ज्याचा तोल जातो त्यालाच त्यावर चढवायचं. हाताला कठडा नाही. रुग्णालयांत वॉकर किंवा समांतर दांडे लावून हे निभावलं जायचं, घरी खुर्ची.

डेन्मार्कमध्ये सरासरी पंचाहत्तरीच्या ५८ स्त्री-पुरुषांवर दहा आठवड्यांचा एक नीट रचलेला प्रयोग झाला, तो २०१३मध्ये छापून आला. एका गटाला वी, दुसऱ्याला बुटात घालायचे तळवे. वीवाल्यांच्या मांड्यांची ताकद तुलनेत अठरा टक्क्यांनी वाढली. आणि स्तब्ध उभं राहतानाचा तोल? त्यात फरक नाही. नावात बॅलन्स असलेल्या पाटानं पायांत ताकद आणली आणि तोल होता तिथेच ठेवला. असे निकाल बघितले की मला बरं वाटतं, कारण कुणीतरी खरोखर मोजलंय याची ती खूण असते.

मायक्रोसॉफ्टचं कायनेक्ट २०१०च्या नोव्हेंबरात आलं. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा खोलीची खोली मोजतो आणि तुमचे सांधे ओळखतो. संधिवातानं रिमोट धरता न येणाऱ्यांना हे वरदान वाटावं. पण सांधे ओळखायला त्या प्रोग्रॅमला लाखो कृत्रिम चित्रांवर शिकवलं होतं, आणि त्यातली शरीरं पंधरा मूळ पुतळ्यांपासून केलेली होती. संशोधकांच्या २०११च्या निबंधात त्यांचं वर्णन आहे, स्त्री आणि पुरुष, बुटके ते उंच, बारीक ते जाड, मूल ते प्रौढ. मूल ते प्रौढ! वाकलेली पाठ, वॉकरचे चार पाय, मांडीवरची शाल, पायघोळ झगा, यांत गुडघा कुठे हे ओळखायला प्रोग्रॅमची दमछाक व्हायची. बसलेल्या माणसाचे वरचे दहा सांधे तेवढे धरायची सोय डेव्हलपरांना मिळाली मे २०१२मध्ये. मी याला दुष्टावा म्हणणार नाही. डेटा गोळा करताना जे समोर दिसत नाही ते सुटतं, हे या धंद्यात रोजचं आहे. पण सुटतं ते नेहमी त्याच त्याच माणसांचं.

शेवटी कामाला आली ती चटई, दाबकळांची, १९८६मधलीच कल्पना.

सिडनीत न्यूरोसायन्स रिसर्च ऑस्ट्रेलिया या संस्थेतला स्टीफन लॉर्ड यांचा गट वर्षानुवर्षं एकाच प्रश्नामागे आहे, माणसं पडतात का? त्यांनी फार आधी दाखवलं होतं, की अचानक दिवा लागला त्या चौकोनावर पाय टाकायला किती वेळ लागतो, यावरून पडणारे आणि न पडणारे वेगळे काढता येतात. तोल जातो सगळ्यांचाच. वेळेत, योग्य जागी पाऊल पडलं की माणूस सावरतो, नाही पडलं की तो पडतो. म्हणजे स्तब्ध उभं राहण्यापेक्षा झटपट पाऊल टाकणं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच डान्स डान्स रेव्होल्यूशन पोरांकडून करून घेत होतं. या गटानं तो खेळ हळू केला, सोपा केला आणि वयस्करांच्या घरी टीव्हीला जोडून दिला. २०१३मध्ये छोट्या चाचणीचे निकाल आले, पावलं खरंच झपझप पडू लागली होती.

मग मोठी चाचणी. पासष्टीपुढचे ७६९ लोक, वर्षभर, आठवड्याला दोन तास घरच्या घरी. तीन गट केले. एक चटईवर पावलं टाकून गेम खेळणार, दुसरा तेच गेम खुर्चीत बसून बोटांनी खेळणार, तिसऱ्याला नुसती माहितीपुस्तिका. २०२४मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये निकाल आला. चटईवाल्यांचं पडणं पुस्तिकावाल्यांच्या तुलनेत २६ टक्क्यांनी कमी. खुर्चीवाल्यांतही थोडं कमी, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतकं नाही. न्यूझीलंडच्या अभ्यासात बसणं आणि उभं राहणं सारखंच ठरलं होतं. तिथे ऊर्जा मोजली होती, इथे वर्षभरात कोण किती वेळा पडलं ते मोजलं. दहा-बारा वर्षं आपण चुकीच्या काट्यावर वजन करत होतो, असं म्हणायला हरकत नाही.

यात एक हिशेब जमत नाही. सिडनीच्या छोट्या चाचणीपासून मोठीच्या निकालापर्यंत अकरा वर्षं गेली. जपानमध्ये वीचं उत्पादन २०१३मध्ये थांबलं, सात वर्षांत. कायनेक्ट २०१७मध्ये बंद झालं, सात वर्षांत. निन्टेंडोचं नंतरचं यंत्र, स्विच, जुना पाट ओळखतही नाही. एखादं रुग्णालय एखाद्या गेमवर उपचार बसवतं, अभ्यास करतं, निकाल छापतं, तोवर ते यंत्र दुकानातून गेलेलं असतं आणि बिघडलं तर भाग मिळत नाहीत. वी फिटच्या सव्वादोन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यांतले बरेचसे पाट आज पलंगाखाली किंवा भंगारात असणार. २०१९मध्ये आलेला 'रिंग फिट ॲडव्हेंचर' हा स्विचचा व्यायामाचा गेम टाळेबंदीत मिळेनासा झाला होता, दीड कोटीच्या वर खपला. त्यात हातात कडं धरायचं, मांडीला पट्टा बांधायचा आणि पडद्यावर राक्षसांशी लढायचं. कमावत्या माणसाची पाठ मोकळी करायला उत्तम. सत्तरीतल्या बाईचं पाऊल वेळेत पडतं की नाही, हे तो विचारत नाही.

सिडनीच्या गटानं दुकानातल्या कन्सोलवर विसंबणं सोडून स्वतःची प्रणाली केली, म्हणून तर त्यांची चाचणी पुरी होऊ शकली. चटईत अवघड काही नाही. चार-सहा दाबकळा, एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, जुना टीव्ही. आमच्या घरी पाट आता कपाटावर आहे, त्याचे सेल उतरले आहेत. आजी विचारते, तो ठिपका परत कधी दाखवणार. मी तिच्यासाठी चटई करायला घेतली आहे. एकच अडचण आहे, गाणी कोणती लावायची यावर अजून एकमत होत नाही.